दादाचा कान आणि चौथी तार

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सहाच अंगं धर, कंबर आणि मान तीन दिवस तुझ्या गिटारपायी कामातून गेली आहेत.) तुझी तब्येत, वहिनींची तब्येत, दोघांचं ब्लडप्रेशर ठीक असेलच; नसेल तर हे पत्र आधी वहिनींना वाचू दे. मी स्वतः अजून हादरलेलोच आहे.

ट्रान्सपोर्टने गिटार आली, सोबत तुझी चिठ्ठी: लावताना सूर बरोबर वाटतो, वाजवताना चौथी तार उतरलेली ऐकू येते. वाद्यात दोष निघाला तर दुरुस्त कर, नाही निघाला तर माझा कान गेला असं समज आणि शनिवारी तुझ्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकाला ती देऊन टाक! अरे, हा काय निरोप झाला? दाराची कुरकुर कुठल्या सुरात आहे यावर जो माणूस चाळीस वर्षं घरात भांडला, त्याचा कान गेला की राहिला हे ठरवायचं कुणी, तर माझ्यासारख्या शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याने?

मला वाटलं, पेडल ते पेडल. (इथेच गाडं घसरलं.) तुझी गिटार म्हणजे आडवं मेज. वर दहा तारा, खाली सूर बदलायला पायाने दाबायची पेडलं, गुडघ्याने ढकलायच्या दांड्या आणि पोटात सळ्यांचं रान. पहिल्या दिवशी पेडल दाबून सूर कमी चढतोय असं दिसलं, म्हणून मी वरची खुंटी पिळली. पाय काढला, तर मोकळी तार किंचाळली! खुंटी सैल केली, की पेडलचा सूर पुन्हा कमी. दोन दिवस हा तमाशा चालला. शेवटी तुझ्या भावजयीने तुझी वही वाचली. खुंटीने फक्त मोकळी तार लावायची, पेडलचा सूर पलीकडच्या टोकाच्या नायलॉनच्या नटाने. (वही पेटीतच होती. बोलू नकोस.) तिसऱ्या दिवशी मोबाईलमध्ये सुराचा काटा लावला, खाली उताणा पडलो आणि एकेक पेडल, एकेक दांडी हाताने दाबून पाहिली. सगळं चोख. प्रत्येक तार जिथून निघाली तिथे परत आली. दोष औषधालाही नाही.

दादा, हातातला पाना गळून पडला. दोष नाही, म्हणजे तुझा कान गेला. मी तिथेच फरशीवर ढसाढसा रडलो.

मग डोळे पुसले, म्हटलं शेवटचं एकदा खुर्चीत बसून वाजवावं. चौथी तार छेडली. उतरलेली! काटासुद्धा तेच म्हणतोय! उभा राहिलो, बरोबर. बसलो, उतरली. उठलो, बरोबर. हे वाद्य माणसाचं बूड ओळखतं की काय? बोंब मारून तुझ्या भावजयीला बोलावलं. ती बसली (फुंकर मारली तर उडेल), सूर जागच्या जागी. मग तिने मला बसवलं, मेजाखाली वाकून पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "अहो, तुमचा गुडघा त्या दांडीला टेकलाय."

टेकला होता! ती दांडी चौथी तार उतरवायलाच असते! जन्मभर लोक म्हणत आले की याची अक्कल गुडघ्यात. इथे तर गुडघाही बिनअकलेचा निघाला. आणि आपले दोघांचे गुडघे एका साच्यातले, बाबांचे, कोबीच्या गड्ड्याएवढे. त्यात निवृत्तीनंतर तुझा घेर (वहिनी वाचत असतील तर पुढचं त्यांना ठाऊक आहे). तू लावतोस उभा राहून आणि वाजवतोस बसून. तुझा कान शाबूत आहे रे दादा! उलट इतका तिखट, की त्याने स्वतःच्याच गुडघ्याची चोरी पकडली आणि आळ मात्र स्वतःवर घेतला.

वहिनींना नमस्कार.

तुझा धाकटा, पुष्कळ वर्षांनी उपयोगी पडलेला

ता. क. – गिऱ्हाईक येऊन गेलं. वाद्य बिघडलंय असं मी सांगून टाकलं. त्याचा विश्वास बसेना, म्हणून स्वतः बसून चौथी तार छेडली. उतरलेली निघाली. (तोही आपल्याच अंगाचा होता.) मी भरपूर हळहळलो.

आणखी एक – दांडी बोटभर सरकवायची तर एक स्क्रू सैल करायचा, दोन मिनिटांचं काम. पण मी हात लावलेला नाही. तिची जागा वाजवणाऱ्याला बसवूनच ठरवावी लागते, आणि तुझा गुडघा काही पोस्टाने येत नाही. दोन वर्षं तुझं तोंड पाहिलेलं नाही. पहिल्या गाडीने निघ. (माझ्या गुडघ्यावर माप घेतलं तरी चालेल, असं तुझी भावजय म्हणते. तिचं ऐकू नकोस.)