चढावरचा आकडा

१२ मार्च, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. वाकून करायचा, तर गाडीखाली झोपून झोपून कंबर कामातून गेली आहे, तेव्हा उभ्यानेच समजून घे. तुम्ही सगळे बरे असाल. मी ठीक. गॅरेज चालू आहे. बाबांची खुर्ची मी अजून हलवलेली नाही. गिऱ्हाइकं सवयीने तिला वळसा घालून जातात.

बाबा गेल्याचं आणि गाडी तुला ठेवल्याचं कळवलं होतं, त्यावर तुझं पत्र मिळालं. बावीस वर्षांनी पत्र, आणि त्यात ओळी चार. गाडीत हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा गेज बसव, इंजिन जळलं त्याच चढावर गाडी ने, पाय पूर्ण दाबून आकडा बघ आणि कळव, मंगळवारी गाडी न्यायला ट्रक पाठवतो. बाबा गेल्याबद्दल एक शब्द नाही. असो. गेज कशासाठी हवाय ते मला कळलं. तेव्हाचं इंजिन तुझ्या पायाने जळलं की नाही, हे तुला एकदाचं बघायचं आहे.

तर आधी कामाचं लिहिते. दुकानदाराने पहिल्यांदा रंगीत दिव्यांचा स्वस्त गेज समोर ठेवला. तो नुसता इकडून तिकडे नाचतो, पेट्रोल कमी की जास्त एवढंच सांगतो, किती ते सांगत नाही. असली माणसं घरात बघितली आहेत, गाडीत कशाला. मी नेमका आकडा दाखवणारा वाइडबँड घेतला, काट्याचा, काळ्या तबकडीचा. जुन्या डॅशबोर्डवर उपरा वाटत नाही. आकडा मोठा म्हणजे पेट्रोल कमी, एवढं लक्षात ठेव. जोर लावताना साडेबाराच्या आसपास हवा. पंधरा-सोळाला गेला तर पिस्टन तापून भोक पडतं. कसलं भोक, ते तुला मी सांगायला नको.

सेन्सरसाठी सायलेन्सरच्या पाइपाला वरच्या अंगाला भोक पाडून आट्यांची बैठक वेल्ड केली, म्हणजे पाण्याचा थेंब त्यावर साचणार नाही. त्याच्या आधीचा सांधा गळत होता. तो तसाच ठेवला असता तर बाहेरची हवा आत शिरून काट्याने खोटं सांगितलं असतं. नवं गॅस्केट टाकलं. या गाडीची बॅटरी जुन्या पद्धतीने उलटी जोडलेली, प्लसची वायर बॉडीला. तशीच ठेवून गेज लावला असता तर पहिल्याच किल्लीला धूर निघाला असता. ती बदलण्यात एक दिवस गेला. बाबा असते तर म्हणाले असते, "कान असताना काटा कशाला?"

कान त्यांचा होताच म्हणा. इंजिनाचा आवाज ऐकून कार्बोरेटरखालचा मिश्रणाचा नट फिरवायचे, आणि मनासारखा लागला की त्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचे. ठिपका फुटला म्हणजे कुणीतरी हात लावला. गॅरेजमध्ये एवढा एकच कायदा होता.

काल सकाळी त्या चढावर गेले. नट बाबांच्या जागेवर, पाय फळीला टेकेपर्यंत दाबला. पायथ्यापासून माथ्यापर्यंत काटा साडेबारावर चिकटून होता. दादा, अशी तू दिवसभर चालवली असतीस तरी ते इंजिन जळलं नसतं.

इथे पत्र संपवता आलं असतं. खरं सांगायचं तर याच्या उलटही लिहिता आलं असतं. आकडा पंधरा लिहिला असता, तर तू इतक्या लांबून काय तपासणार होतास? परवा रात्रीपर्यंत तेच ठरवलं होतं. तुझ्या पायावर बावीस वर्षं ढकललं, आणखी वीस खपलं असतं.

चढ उतरून खाली आले, बॉनेट उघडलं आणि सहा पैलूंचा तो नट दोन पैलू वर, पेट्रोल कमी होईल असा फिरवला. पुन्हा चढले. पाय अर्धाच दाबला होता. काटा सोळाच्या पुढे. निम्म्यातच परतले.

तो नट तेव्हा मी फिरवला होता. तू गाडी घेऊन निघालास त्या सकाळी, दोन पैलू. सतरा वर्षांची होते. पुस्तकात वाचलं होतं की बाबा पेट्रोल जास्त सोडतात. मला ते पाना धरू देत नव्हते, पुसायला फडकं तेवढं देत होते. तू परत येऊन म्हणशील, गाडी काय धावली आणि पेट्रोल किती कमी लागलं, मग मी सांगेन कुणी केलं ते. असा बेत होता. फुटलेल्या ठिपक्यावर माझं नेलपॉलिश लावलं.

तू चढावरून गाडी ओढून आणलीस. बाबा गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "ताणलीस. हात लावायची लायकी नाही तुझी." तू सांगत होतास, सावकाश चालवली. मी दारात फडकं घेऊन उभी होते. आठवडाभराने तू घर सोडून गेलास तेव्हाही मी तुझी बॅग उचलून दिली आणि तोंड उघडलं नाही.

त्यानंतर मी कुठे गेले नाही. लग्नाचं आलं तेव्हा नाही म्हटलं, दुसरीकडे चांगलं काम मिळत होतं तेही सोडलं. बाबांचा मुलगा आपल्यामुळे गेला, तर निदान आपण राहावं, असं मनाशी धरून बसले.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात बाबा म्हणाले, "गाडी त्याला दे. नट त्याने फिरवला नव्हता."

मी विचारलं, "कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी. माझा लाल वेगळा. तुझा गुलाबीकडचा."

"मग बोलला का नाहीत?"

"तो आज ना उद्या जाणारच होता. खरं बोललो असतो तर तूही गेली असतीस. गॅरेज कुणी बघितलं असतं?"

मग पाणी मागितलं. मी दिलं. चमच्याने, सावकाश, ठसका लागू नये म्हणून. त्या माणसाने तुला खोटं ठरवून हाकललं आणि मला माझ्याच भीतीने बांधून ठेवलं, आणि मी त्याची मान धरून पाणी पाजत होते. मला त्यांचा राग येतो. तुझाही येतो, कारण तू निदान सुटलास. हे लिहायचा मला हक्क नाही हे कळतं, तरी लिहिलं.

नट बाबांच्या जागेवर आणून ठेवला आहे. त्यावर ठिपका लावलेला नाही. माझ्या हाताने आता लावणार नाही.

ट्रक मंगळवारी येईल. पत्र त्याआधी पोचेल असं बघते. ट्रकवाला आला तर किल्ली त्याला देईन. तू स्वतः आलास तर तुला देईन, आणि तुला जे बोलायचं ते गिऱ्हाइकांसमोर बोललास तरी चालेल. मी दारातच उभी असेन. या वेळी विचारलंस तर उत्तर देईन.

नट फिरवणारी,
तुझी धाकटी