दादाच्या मोबाईलवर गेलेली बातमी

१२ जाने.
आपल्या समाजाच्या मंडळाच्या वेबसाइटले फीड जोडून राहिली. साइटवर बातमी टाकली की ज्यानं फीड घेतलं त्याच्या मोबाईलवर आपोआप जाते. हौस सचिव गजभिये काकाजीची, मेहनत माझी. दोनदा अटकलं. डोकं गरम.
हॉस्पिटलात बाबा थोडी पेज पेले. "थोरला आला काय?" रोजचंच. दादा आपल्या लग्नावरून बाबांशी भांडून बडोद्याले गेला, तवापासून नाव नाई. माझा नंबर बी ब्लॉक.

१४ जाने.
चाललं! रक्तदान शिबिराची बातमी मरोद्याच्या मावशीले पोचली. कोणं कोणं फीड घेतलं ते मले दिसत नाई. नसो.
बाबांचा ऑक्सिजन वाढवला. गजभिये काकाजी म्हणे, "बेटा, श्रद्धांजली लिहून ठेवू काय? ऐन वेळी घाई होते." मी फाडकन बोलली, "तुमचीच लिहा आधी!" मग वाईट वाटलं. म्हातारा माणूस.

१५ जाने.
सत्यानाश. काकाजीनं लिहिलीच. साइटवर नाई टाकली, नुसती सेव्ह केली. बाबांचा फोटो, 'दुःखद निधन'. अन् नुसतं सेव्ह केलेलं पाठवू नको, हे मी फीडले सांगतलंच नव्हतं. साऱ्यांले गेली. पुसली, फीड बी नीट केलं, पण मोबाईलवर पोचलेली वापस येते काय!
कोहक्याची आत्या रडत हॉस्पिटलात. बाबा उठून बसलेले. "कावून रडून राहिली वं?"

सायंकाळी दादाचा फोन. दादाचा! म्हणजे फीड घेतलं त्यानं. चूपचाप वाचत होता आमचं. रडू आलं.
"कधी गेले?"
"अरे जिते आहेत! गलती झाली. थोडे सिरियस आहेत फक्त..."
तोंडातून गेलं अन् समजलं. आपल्यात माणूस गेला की बाहेरगावच्या लेकराले हेच सांगतात. आजीच्या टायमाले त्याले हेच सांगतलं होतं, अन् तो पोचला त माती झाली होती.
"समजलं मले," म्हणे. "मी येतपर्यंत बाबांले ठेवजा. निघालो." मग माझा फोन लागतच नाई. ब्लॉकच.

१६ जाने.
काकाजीचा घोशा, "दुरुस्ती पाठव, समाजात चर्चा चालू आहे." लिहिली. सोबत बाबांचा आजचा फोटो, पेज पेतानाचा. तो पाहिला त दादा मानन. अन् मानला, मग? आधल्या स्टेशनावर उतरून वापस गेला त? बाप जिता आहे हे माहीत होतं, तवा आला होता काय कधी! लय भेव वाटते.
बाबांले सांगतलं, दादा येऊन राहिला. गाल चाचपले, दाढी करून मागतली. नर्सले म्हणे, "मेरा बड़ा लड़का आ रहा है." मग मले, "बोलावलं काय म्हणून त्याले?"
"तब्येतीचं कळवलं."
"एवढ्यानं आला?"
मी वाटी धुवायले उठली.
दुरुस्ती तशीच आहे. पाठवायचं बटन नाई दाबलं. गाडी गोंदियाले आली असन, दोन-अडीच घंट्यात इथं. बाबा दाराकडं तोंड करून पडले आहेत, डोळे उघडेच.