तुमचा ज्युनिपर अजून हिरवाच दिसतो

प्रिय बाबा,

आईला आत नेलंय. दार लागून वीस मिनिटं झाली. नर्स म्हणाली, "तुम्ही इथेच बसा," म्हणून बसलेय. तुमचे जावई ऑफिसच्या कामासाठी डॅलसला गेले होते, ते आत्ता परतीच्या विमानात आहेत, फोन लागत नाही. मग पर्समधून आईच्या औषधांची वही काढली आणि मागच्या पानावर तुम्हालाच लिहायला घेतलं. सात महिने झाले तुम्हाला जाऊन, एक ओळ लिहिली नाही मी. आज लिहितेय, कारण तुमच्याशी भांडायचंय मला!

झाडापासूनच सुरू करते. आजही सगळं झाडापाशीच झालं.

मागच्या उन्हाळ्यात तुम्ही दोघं इथे अमेरिकेत, नेपरव्हिलला आमच्याकडे आलात. लोकांचे आईवडील इथून चॉकलेटं घेतात, व्हिटॅमिनच्या बाटल्या घेतात. तुम्ही काय घेतलंत? नर्सरीच्या मागच्या कोपऱ्यात टाकून दिलेलं ज्युनिपरचं मरतुकडं बोन्साय! "अहो, हे विमानात नेऊ देणार नाहीत," आई म्हणाली. "नेतंय कोण? मंजूकडे राहील," तुम्ही म्हणालात. मिरजेच्या शाळेत जन्मभर ड्रॉइंग शिकवलंत, वड-पिंपळ कुंडीत वाढवलेत, तुम्हाला कोण अडवणार!

कुणीतरी फांद्या वळवायला त्याला तार गुंडाळून वर्षानुवर्षं विसरून गेलं होतं. तार सालीत रुतलेली, आत वाळक्या काड्यांचं जंजाळ, कुंडीत माती कमी आणि मुळंच जास्त. तुम्ही तीन दिवस त्याला हातसुद्धा लावला नाहीत. घरामागच्या लाकडी डेकवर खुर्ची टाकून नुसतं बघत बसायचात. "आधी त्याची समोरची बाजू कुठली ते ठरू दे," म्हणायचात. मग तार कापायला घेतलीत, एकेक वेढा, तुकड्या-तुकड्याने. मी टोक धरून ओढायला गेले तर हातावर चापट मारलीत. "ओढू नकोस, साल सोलून येईल." आईचा भुवयांचा चिमटा वाळक्या पानांसाठी पळवलात, तो अजून माझ्या गॅरेजमध्ये आहे.

आणि बजावून सांगितलंत, "ज्युनिपर लबाड झाड आहे, मंजू. मेलं तरी महिना-दोन महिने हिरवंच दिसतं. पानांवर विश्वास ठेवायचा नाही. नखाने साल खरवडून बघायची, आत ओलं हिरवं दिसलं तरच जिवंत."

झाडाचं एवढं कळत होतं ना तुम्हाला? मग स्वतःचं काय हो?

नवी तार गुंडाळताना तुम्ही मध्येच थांबायचात, डावा खांदा चोळायचात. मी विचारलं तर, "गॅस झालाय. ओवा आहे का घरात?" आपल्याकडे छातीत दुखलं की ते गॅसच असतं! आणि मी शहाणी, ओव्याची डबी आणून दिली. एकदा नाही, तीनदा. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर तुमचं ठरलेलं उत्तर, "मिरजेला गेल्यावर बघू. अख्खा महाराष्ट्र औषधाला मिरजेला येतो आणि मी काय अमेरिकेत दाखवू?" मिरजेला पोचलात, मग दसरा होऊ दे म्हणालात. पोचल्याच्या आठव्या दिवशीच गेलात. घरापासून हाकेच्या अंतरावर डॉक्टर, बाबा! हाकेच्या अंतरावर!

तुमचं सगळं आटोपून मी इथे परत आले तेव्हा सगळीकडे बर्फ पडलेलं. तुमचं झाड डेकवर गुडघाभर बर्फात. तुम्ही सांगून ठेवलं होतं, हिवाळ्यात बाहेरच राहू दे, फक्त कुंडी मातीत पुरून ठेव. पण मला बघवेना. बाबांचं झाड असं थंडीत काकडत उभं? मी ते घरात आणलं, देवापाशी ठेवलं, हीटरच्या उबेत. रोज पाणी घातलं, रोज पानं पुसली. इथल्या माणसाने हा वेडेपणा केला नसता. थंडीतली झोप त्या झाडाला हवी असते म्हणे. मायेच्या भरात मीच त्याची झोप मोडली. आणि ते पाच महिने छान हिरवंगार! मार्चमध्ये आई आली, तिलाही केवढं समाधान वाटलं. "ह्यांच्यामागे झाड तरी तगलं गं," म्हणाली. रोज सकाळी त्याच्याशी बोलायची. काय बोलायची ते मला कधी सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात हिरव्यावर राखाडी छटा दिसली. आज सकाळी धीर केला आणि डेकवर बसून खरवडलं. शेंडा, आत तपकिरी. उजवी फांदी, तपकिरी. तुम्ही एवढ्या हौसेने वळवलेली ती लांब फांदी, तीही गेलेली. शेवटी अगदी खालच्या एका फांदीत ओला हिरवा पट्टा दिसला. वरचं सगळं उतरवायचं, एवढीच फांदी ठेवायची आणि तिच्यातून नवीन झाड बसवायचं, असा हिशेब मनात करत मी कात्री घेतली.

तेवढ्यात मागून आई म्हणाली, "मंजू, आणखी ओवा कुठे ठेवलायस गं?"

"वरच्या कप्प्यात," मी म्हटलं. वळूनसुद्धा पाहिलं नाही हो बाबा! कात्री चालवली. वरची वाळकी फांदी खाली पडली. आणि मग कानात शिरलं ती काय म्हणाली ते.

धावत आत गेले. आई ओट्याला धरून उभी, कपाळावर घाम, रिकामी डबी हातात. रिकामी! महिन्यापूर्वी भरली होती मी.

"आई, कधीपासून?"

"काही नाही गं, गॅस आहे. शनिवारी निघायचंच आहे ना, मिरजेला गेल्यावर दाखवते."

मी ओरडले. जन्मात आईवर अशी ओरडले नव्हते. ती उलट म्हणते, "ऐन निघताना हे काय आरंभलंयस? बॅग भरून झालीये माझी!" अ‍ॅम्ब्युलन्स दारात आली तरी तिचं आपलं साडी बदलू का, साडी बदलू का.

इथे आल्यावर नर्सने विचारलं, एक ते दहामध्ये किती दुखतंय? मी आईला मराठीत विचारलं. आई म्हणाली, "सांग, दोन." मी इंग्रजीत आठ सांगितलं. पहिल्यांदाच तिचा शब्द खोटा पाडला.

मग डॉक्टर आली. तिने विचारलं, कधीपासून दुखतंय? मी म्हटलं, "आई, खरं सांग, तुला माझी शपथ."

तिने माझा हात धरला. म्हणाली, "मागच्या उन्हाळ्यापासून. ह्यांना ठाऊक होतं. त्यांचं मला ठाऊक होतं. तुझा जीव टांगणीला नको म्हणून दोघांनी ठरवलं होतं, मंजूला कळू द्यायचं नाही."

डॉक्टर माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती, मी भाषांतर करीन म्हणून. मी तिला एवढंच सांगितलं, मागच्या उन्हाळ्यापासून.

बाबा, तुम्हाला ठाऊक होतं? रोज माझ्यासमोर बसून तार कापत होतात, चहा मागत होतात, आणि आईच्याही छातीत दुखतंय हे तुम्हाला ठाऊक होतं? एकाने जरी तोंड उघडलं असतं तर मी दोघांना गाडीत घालून नेलं नसतं का? माझी काळजी करायची ही कुठली रीत? राग येतोय तुमचा. इतका राग येतोय आणि तुम्ही समोर नाही आहात.

ते दार मघाशी उघडलं. मी उठले, तर दुसऱ्याच कुणाला तरी बोलावलं. बसले परत.

तुम्हाला वचन देते. शनिवारचं तिकीट कॅन्सल करते. आईने कितीही "दोन" म्हटलं तरी मी ऐकणार नाही. तिला मिरज दिसेल, पण बरी होऊन, माझ्याबरोबर. ती खालची फांदी जगली तर हिवाळ्यात बाहेरच ठेवीन, कितीही जीव तुटला तरी.

आणि तुम्हीही एक करा. आयुष्यभर घरात पाऊल टाकलंत की आधी तिला हाक मारायचात. आता तिथून मारू नका. दार उघडतंय बाबा, डॉक्टर येतेय. हाक मारू नका तिला.

तुमची,
मंजू