तीन हजार गुणांचा हक्क

१४ ऑगस्ट, लोणावळा

शेतीच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर माझे तीन हजार गुण झाले आणि दुसऱ्यांचे प्रश्न बंद करायचा हक्क मिळाला; बंद केला की त्यावर कुणालाच उत्तर देता येत नाही. महिनाभर केवढं मिरवलं मी! भराभर बंद करत सुटले. आज टाकव्याला माहेरी गेले, तर आबांचं भात पिवळं पडलेलं.

"आबा, कुणाला विचारायचं तरी!"

"इचारलं व्हतं की, तुज्याच त्या साइटवर. कुन्या मोट्या मानसानं बंद केलं. आपल्याला न्हाई लिवता येत, पोरी."

त्यांनी फोन दाखवला. 'अस्पष्ट प्रश्न. बंद.' खाली टोपणनाव माझं. आबांना ते माहीत नाही, आणि माझ्याच्यानं सांगवलं नाही. पहिली ओळ वाचूनच बंद केला असणार मी. दुसरी आज वाचली: 'पोरगी जानती हाय, पन कामात असती, म्हनून हितं इचारतो.'