पाण्यात माणूस असताना

३ फेब्रु., मंगळ.
सकाळी स्कूटरने तोटात, बागेवर. शहराच्या टोकाची बोगादी सोडली तरी हल्ली नवी घरं संपत नाहीत, आपली नारळाची बाग कधी आली ते कळत नाही. आज लांबूनच कळलं, आवाजावरून. ओढ्यात पिंपांचा तराफा, त्यावर डिझेल पंप. एक जाड नळी थेट तळाला, दुसरी काठावर. काठावरच्या नळीतून गढूळ पाणी, वाळू, गोटे भसाभसा जाळीवर. गोटे जाळीवर अडकतात, वाळूचा खाली ढीग, पाणी परत ओढ्यात. वसूचं काम. मला न विचारता. बाग म्हणे दोघा बहीणभावांची.

संध्याकाळी फोन केला. "अक्का, गाळ काढायची परवानगी आहे. सुम्ने, उगाच डोकं तापवू नकोस."
गाळ काळा असतो, त्याला वास येतो. ही पिवळीधमक वाळू ट्रकमधून चाललीय आणि धाकटा भाऊ मला गाळ शिकवतो.

५ फेब्रु., गुरु.
आपल्या पायऱ्यांशी पाणी कमरेएवढं, तळ सपाट. म्हणून तर निवृत्त झाल्यापासून तिथे बायकांना पोहायला शिकवते. पीटी टीचरला दुसरं येतं काय? तरणतलावात चारचौघांत उतरायला लाजणाऱ्या सगळ्या माझ्याकडे. आज उतरले, तर शेवटच्या पायरीपुढची वाळू पायाखालून सरकली.

वसू म्हणतो, पंप मधल्या पात्रात आहे, पायऱ्या केवढ्या लांब. अरे शहाण्या, डब्यातला रवा मधूनच वाटीने काढतो ना आपण? कडेचा आपोआप ढासळतो. नळी एका जागी खड्डा करते आणि आजूबाजूचा सगळा तळ त्या खड्ड्याकडे घसरत जातो. वरून पाणी होतं तसंच दिसतं. उद्या कुणी बुडलं तर म्हणतील, बाईला पोहता येत नव्हतं.

८ फेब्रु., रवि.
शिकाऊ बायकांना परत पाठवलं. मी एकटी उतरले. पंप बंद. मला वाटलं डिझेल संपलं. पंपवाला नागराज काठावरून म्हणाला, "अम्मा, नीरल्ली जन इद्दरे हच्चल्ला." पाण्यात माणूस असेल तर तो पंप लावत नाही. नळीने एकाचा पाय ओढलेला पाहिलाय त्याने.
असं होय. आयतु, ठरलं तर. दुपारपर्यंत बाहेर आले नाही. बोटांच्या मनुका झाल्या.

१० फेब्रु., मंगळ.
पोहता येणाऱ्या सगळ्यांना फोन. पाळ्या लावल्या. कुणी अंघोळीला, कुणी चादरी धुवायला. पुण्याहून नोकरीसाठी आलेली मृणाल म्हणाली, "मावशी, मला फक्त लंच ब्रेकमध्ये जमेल." ये म्हटलं. नियम एकच: पायरीशी बांधलेला दोर सोडायचा नाही.
दिवसभर पंप गप्प. नागराज झाडाखाली आडवा. त्याला चित्रान्न दिलं. त्याच्यावर राग नाही. राग सख्ख्या भावावर, तो भरपूर आहे.

१२ फेब्रु., गुरु.
वसू फोनवर: "लोक हसतायत अक्का. या वयात ओढ्यात बसून…"
हसू देत. मुलींना हाफ पँटमध्ये मैदानात पळवलं तेव्हाही हसायचेच.
फोन ठेवल्यावर मात्र रडू आलं. याच पायऱ्यांवर त्याला पहिल्यांदा पाण्यात उतरवलं ते मीच. माझी मान आवळून धरली होती. उद्या तरीही जाणार.

१५ फेब्रु., रवि.
वसूने बायकोला पाठवलं. सुमा. लग्नाला इतकी वर्षं झाली, ओढ्यात घोट्याच्या वर कधी भिजली नाही.
"अक्का, बाहेर या ना. ते मधलं काढतायत हो. पायऱ्यांना काय होणार?"
"धर हात. उतर आणि बघ."
वाटलं, नको म्हणेल. चपला काढल्या, निऱ्या खोचल्या, उतरली. शेवटच्या पायरीवरून पाय खाली टाकला तो खालीच गेला. दंड धरलेला होता म्हणून ओढता आलं. ठसका, चेहरा पांढराफटक. मग स्वतःच वाकून पायरीखाली हात घातला. पोकळ. आत खांद्यापर्यंत गेला हात.

वाटलं, आता घर गाठेल. ती दोर धरून पायरीवरच बसली, छातीएवढ्या पाण्यात. दात वाजत होते.

वसू आला. बायकोला पाण्यात बघून काठापर्यंत धावला. मग म्हणाला, "सुमा, बाहेर ये. बेगा, लवकर."
"आधी ती नळी बाहेर काढा."
"अगं, तुला पोहता येत नाही."
"नाही येत. म्हणूनच बसलेय."
भाऊ काठावरून मागे फिरला. मग गाडीत जाऊन बसला, पण गाडी सुरू केली नाही.

१६ फेब्रु., सोम.
पंप बंद. नळी मात्र अजून तळालाच. वसू फोन उचलत नाही.
सुमा सकाळी रिक्षाने आली, सलवार-कमीज घालून, टॉवेल घेऊन. सर्दीने नाक लाल. पाण्यातल्या वरच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "अक्का, आधी तरंगायचं शिकवता की हात मारायचे?"
"आधी तोंड पाण्यात घालायचं," म्हटलं.
मागे रस्त्यावर रिकामा ट्रक येऊन उभा राहिला. तिने वळून पाहिलं, नाक चिमटीत धरलं आणि तोंड पाण्यात घातलं.