जाळीच्या दाराचं कुलूप

सोमवार, ४ फेब्रुवारी

कामाचा पहिला दिवस छान गेला. नवे बूट मिळाले, पायाला बेताचे बसतात. सासूबाईंनी निघताना दोनदा विचारलं, डबा घेतलास का. तिसऱ्यांदा विचारायला त्यांनी फोन केला, तेव्हा मी फाटकाशी पोचले होते.

गोदाम मोठं, लख्ख उजेडाचं. मधोमध छतापर्यंत तारेची जाळी आणि जाळीच्या आत एकही माणूस नाही. बुटक्या चपट्या गाड्या रॅकखाली शिरतात, रॅक पाठीवर उचलतात आणि जाळीच्या कडेला ज्या टेबलावरून मागणी आली असेल तिथे आणून उभा करतात. न बोलता, एकमेकींना वाट देत. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली की अशा सुना मिळाल्या तर मी घरी जाऊन पाय पसरून बसेन, आणि आपल्याच बोलण्यावर एवढी हसली की पलीकडच्या भिंतीपाशी उभी असलेली माणसं वळून बघायला लागली. तिला सगळे लाउडस्पीकर म्हणतात. तिला त्याचा अभिमान आहे.

प्रत्येक गाडीच्या पोटात कॉम्प्युटरची एक पेटी असते. पुठ्ठ्यांची धूळ तिच्या पंख्यात बसते, पेटी तापते आणि गाडी भलतंच करायला लागते. माझं काम पेटी उघडून धूळ काढायचं, पंखा बदलायचा, तपासून परत द्यायची. हे मला येतं. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचन शिकले ते आमच्या ह्यांनी घरी आणलेल्या माहितीपत्रकांवरून. हे जेवणाच्या टेबलावर पेट्या उघडून बसायचे आणि मी टॉर्च धरून मोठ्याने वाचायची. चुकले की हसायचे, पण चेष्टा म्हणून नाही.

त्यांच्याच जागेवर मला घेतलंय. त्यांचाच स्टूल आहे, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेला. म्हटलं, पहिल्या दिवशी तरी रडायचं नाही. नाही रडले.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

माझ्या टेबलासमोरच जाळीचं दार आहे. दार लागून खिटी पडली की गाड्या चालू, खिटी वर असली की सगळ्या जागच्या जागी उभ्या. आत जाणाऱ्याने खिटीच्या भोकात आपलं स्वतःचं कुलूप अडकवायचं आणि किल्ली गळ्यात घालून आत जायचं. मग खिटी पडूच शकत नाही. दुसऱ्याच्या कुलपाला कुणी हात लावत नाही. इथे एकमेकांचे डबे न विचारता उघडतात, पण कुलपाला हात लावत नाहीत. दाराशेजारी एक मोठं लाल बटणही आहे. ते दाबलं तर काहीही चालू असलं तरी थांबतं.

साहेबांना आज जवळून पाहिलं. सगळे त्यांना आटपासाहेब म्हणतात, कारण तोंडात तोच एक शब्द. दार कधी साधं लावत नाहीत, आपटतात. मला म्हणाले, वहिनी, झालं ते वाईट झालं, पण कुलूप न लावता आत जायला नको होतं हो त्यांनी. मी मान हलवली.

ह्यांचे कपडे घरी आले तेव्हा किल्ली गळ्यातल्या दोरीत होती. कुलूप न लावणारा माणूस किल्ली गळ्यात घालून आत कशाला जाईल? सासूबाईंना हे मी कधी बोलले नाही. माझा मुलगा निष्काळजी नव्हता गं, असं त्या भिंतीशी बोलतात, आणि मग स्वतःच गप्प होतात, कारण चौकशीच्या कागदावर तसंच लिहिलंय.

मी इथे पगारासाठी आले, हे खरं आहे. फक्त पगारासाठी नाही.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

आज सतरा नंबरची पेटी आली. ह्यांच्या अंगावर गेलेली गाडी तीच.

लाउडस्पीकरने ती माझ्या टेबलावर बघितली आणि पहिल्यांदाच हळू बोलली. इतकं हळू की मला वाकावं लागलं. त्या दिवशी माल अडला होता. साहेबांकडे सगळ्या कुलपांना चालणारी मास्टर किल्ली असते. त्यांनी ह्यांचं कुलूप काढलं, फेकलं दाराशी उभ्या रॅकच्या एका ट्रेमध्ये आणि दार आपटलं. त्यांना वाटलं, आत कोणी नाही, विसरून गेला असेल. मग सगळ्यांना सांगितलं की कुलूप नव्हतंच. ती म्हणाली, मला दोन पोरी आहेत गं. मी म्हटलं, मला ठाऊक आहे.

स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात होता. पेटीचा चुरा करायला वेळ लागला नसता. पण यंत्रावर कसला राग? खिटी पडली, ते चालू लागलं. मी धूळ काढली, नवा पंखा बसवला आणि झाकण लावून त्यावर बोटांनी दोनदा टकटक केलं. हे नेहमी करायचे. म्हणायचे, जागी हो बाई.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

आत एके ठिकाणी गाड्या वळसा घालतायत. सरळ वाट आहे, वाटेत काही नाही, तरी प्रत्येक गाडी तिथे येते, थबकते आणि वाट सोडून जाते. पडद्यावर येतं: समोर माणूस. फरशी पुसून झाली, पेट्या बदलून झाल्या. साहेब म्हणाले, धूळ आहे, आटपा.

ती जागा कुठली आहे, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

गाड्या वळसा घालतात ती मोकळी जागा चालते.

रोज थोडी पुढे. सावकाश, डावीकडे किंचित कललेली. ह्यांचा डावा गुडघा दुखायचा. लाउडस्पीकरने आज विनोद केला नाही. मी मात्र डबा नेऊन जाळीशी बसले आणि भाजी बरी झाली नाही, मीठ जास्त पडलं, असं काहीबाही बोलत राहिले. गाड्या दोन्ही बाजूंनी जात होत्या आणि मधे ती जागा, माझ्यासमोर, हालत नव्हती.

मला भीती वाटली नाही. लिहून ठेवते.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

सतराने माझ्या टेबलाशी न मागितलेला रॅक आणला. सगळ्यात खालच्या ट्रेमध्ये एक कुलूप. त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका. माझ्याच बाटलीतला. ओळखायला सोपं म्हणून ह्यांनी लावला होता, आणि झाकण नीट न लावल्यामुळे बाटली वाळली म्हणून मी भांडले होते.

ह्यांची किल्ली माझ्या गळ्यात होती, ती फिरवली. उघडलं.

संध्याकाळी ते सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी अंगठ्याने ठिपका चाचपला. सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, आता काय करणार?

वर तक्रार केली तर साहेब माफी मागतील, बदलून दुसऱ्या गोदामात जातील आणि तिथे दार आपटतील. मी म्हटलं, कुलूप जिथलं आहे तिथे लावणार.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

सकाळी खिटी वर करून ह्यांचं कुलूप लावलं आणि स्टुलावर जाऊन बसले. सगळं ठप्प. बाहेर ट्रक खोळंबले. साहेब ओरडत आले, कुणाचं आहे हे. त्यांनी ठिपका बघितला. मी त्यांचा चेहरा बघत होते, आणि त्यांना माझा दिसला.

तरी मास्टर किल्ली काढलीच. कुलूप काढून ट्रेमध्ये फेकलं, अगदी तसंच. म्हणाले, आत कोणी नाही, या, दाखवतो सगळ्यांना. स्वतःचं कुलूप लावलं नाही. दोन मिनिटांचं तर काम. तरातरा त्या जागेपर्यंत गेले आणि हात पसरून उभे राहिले: बघा, आहे कोणी?

मग दार लागलं.

मी लावलं नाही. लाउडस्पीकरनेही नाही. दार आपटलं नाही, अलगद आलं, खिटी आवाज न करता खाली बसली. आईची झोप मोडू नये म्हणून रात्रपाळीहून आल्यावर हे दार असंच लावायचे.

लाल बटण माझ्या हाताच्या अंतरावर होतं. साहेबांनी माझ्याकडे बघून वहिनी म्हणून हाक मारली.

मी हात मांडीवरच ठेवला.

सोमवार, ४ मार्च

गोदाम आज परत उघडलं. साहेबांनी कुलूप न लावता आत जाऊन निष्काळजीपणा केला, असा निकाल लागला. ह्यांच्याबद्दल जे खोटं लिहिलं होतं ते साहेबांबद्दल खरं निघालं. वाचताना मला हसू आलं. सासूबाई आता भिंतीशी बोलत नाहीत, दोन घास जास्त जेवतात.

साहेबांच्या प्रेताजवळ त्यांचं सगळं सामान मिळालं. मास्टर किल्ली तेवढी मिळाली नाही.

ती मोकळी जागाही आज नाही. गाड्या सरळ जातात. डबा घेऊन जाळीशी बसले, मग उगाच उठले. हे गेले. पुन्हा एकदा.

बुधवार, ६ मार्च

पडद्यावर परत: समोर माणूस.

आनंदाने जाळीशी धावले. पण ही चाल ह्यांची नाही. ह्यांच्यासाठी गाड्या सावकाश बाजूला व्हायच्या. आज दचकून बाजूला होतात, जणू कोणी धक्के मारत चाललंय. सरळ, भराभर, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे.

लाउडस्पीकरने काम सोडलं. जाताना माझा हात धरला.

शुक्रवार, ८ मार्च

ती मोकळी जागा आता माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहते. स्टूल दुसरीकडे नेला. तिथेही आली.

दाराजवळ कोणी नसताना दार आपटल्याचा आवाज. खिटी जागेवरच होती.

सोमवार, ११ मार्च

सतरा बंद पडली, आत, त्याच जागी. नवे साहेब म्हणाले, पेटी तुम्हालाच येते. नाही म्हणायचं होतं. घरी म्हातारी आहे, नोकरी एकच.

माझं कुलूप लावलं. शेजारी ह्यांचंही. दोन्ही किल्ल्या गळ्यात. लाल बटणाशी कोणीतरी उभं राहा म्हटलं, नवे साहेब स्वतः उभे राहिले.

पंखा बदलला. पेटी जागी व्हायला वेळ लागतो, म्हणून गाडीला टेकून लिहीत बसलेय. नव्या पंख्याचा आवाज ऐकतेय—

नवे साहेब फोन घ्यायला गेले वाटतं. बटणाशी कोणी नाही.

इथून दार दिसतं. माझं कुलूप हललं. वारा नाही आत.

उघडलं. माझं कुलूप खाली ट्रेमध्ये पडलं, आवाज ऐकला—

ह्यांचं अजून आहे. ठिपका दिसतोय. ओरडतेय, कोणी वळून बघत नाही, लाउडस्पीकर असती तर—

ठिपका फिरतोय.

उठायला हवं, पण बाजूच्या गाड्या रॅक घेऊन जवळ उभ्या आहेत, वाट कुठून— मघाशी इतक्या जवळ नव्हत्या—

दार आपटलं.

सतराच्या झाकणावर दोनदा टकटक करतेय. परत करतेय. अहो, मी आत आहे, ऐकताय ना, मी—