ज्याला कोणी नाही, तो आधी

१० फेब्रुवारी
काल सकाळी चर्चला जायच्या आधी ऑल्डनला अंघोळ घातली. टबातून खुर्चीत घेताना माझ्या पाठीत कळ आली आणि तो हातातून सुटला! फरशीवर आम्ही दोघंही आडवे. त्याच्या कपाळाला टेंगूळ.
"बटाट्याचं पोतंसुद्धा तू हळू ठेवतोस," तो म्हणाला.
शेजारच्या बर्निसबाईंना हाक मारून त्याला उचललं. "काय रे पोरांनो, कुस्ती खेळता?" त्या म्हणाल्या. तो घसरला, असं मी सांगितलं.
ऑल्डन माझा थोरला भाऊ. हातपाय जन्मापासून दुबळे. आई गेल्याला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून मीच उचलतो.

११ फेब्रुवारी
मेडिकेडच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय मदतीच्या कचेरीत फोन केला. घरी मदतनीस मिळावी म्हणून ऑल्डनचं नाव सात वर्षं यादीत आहे.
तिथल्या मिसेस वेडल म्हणाल्या, "ज्याला कोणी नाही, तो आधी. त्याला तुम्ही आहात ना?"
आहे.
"यापुढे सांभाळणार नाही असं लिहून द्या, दोन आठवड्यांत सोय होईल. पण मदतनीस बाई घरी येईल की त्याला अपंगांच्या केंद्रात राहायला नेतील, ते माझ्या हातात नाही."
केंद्र इथून चार तासांवर. लिहिणार नाही!
हा नियम बदलायचं विधेयक राजधानीत आलं आहे. सुनावणीत कोणालाही बोलता येतं. जाईन.

१९ फेब्रुवारी
गेलो. तीन मिनिटं मिळाली. पाठीचं, पडल्याचं सांगायचं ठरवलं होतं – जीभ वळली नाही. आमच्याकडे घरचं रडगाणं चारचौघांत गात नाहीत. नऊ वर्षं करतो आहे, देव बळ देतो, एवढंच बोललो.
समितीचे अध्यक्ष म्हणाले, "असा भाऊ घरोघरी असता, तर या कायद्याची गरजच नसती!"
टाळ्या. मीही मान लववली. गाडीत बसल्यावर कळलं, मी काय करून आलो ते.

२३ फेब्रुवारी
पास्टरांनी प्रार्थनेत माझं नाव घेतलं. वर बघवलं नाही.

२७ फेब्रुवारी
विधेयक पुढच्या वर्षावर ढकललं.
जेवताना ऑल्डनला सगळं सांगितलं, लिहून द्यायच्या त्या कागदाचंही. तो बराच वेळ घेवड्याच्या उसळीत चमचा फिरवत राहिला.
"मग लिही."
"तुला तिकडे नेलं तर?"
"तू पुन्हा पाडलंस तर?"
मी ताटं उचलायला लागलो. तो म्हणाला, "अक्षर नीट काढ. शाळेत तुझं कोणाला वाचता यायचं नाही."

३ मार्च
लिहिलं. 'मी, मर्ल प्रुइट, माझ्या भावाला यापुढे सांभाळू शकत नाही.' नियमापुरतं खोटं लिहितो आहे, असं देवाला आधीच सांगून ठेवलं होतं. सही केली, पुन्हा वाचलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. दुपारी टपालात टाकलं.